गाडीखालचा पुठ्ठा

६ ऑक्टोबर

गाडीखाली वाकून बघायची मला सवय नाही. आज हातातून चावी निसटली म्हणून वाकले. फरशीवर तळहाताएवढा काळपट डाग. बोट लावून वास घेतला. इंजिन ऑइल.

उद्या ह्यांना आणायला निघायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे.

अर्धांगाच्या झटक्यात ह्यांचं उजवं अंग गेलं आणि जिभेवरचे शब्द गेले. दवाखान्यातून घरी आणल्यावर उचलणं, बसवणं, कुशीवर वळवणं सगळं मी एकटीने केलं. मग माझीच पाठ धरली. लेक म्हणाली, "बाबांना मी नेते, तू पंधरा दिवस नुसती पडून राहा." जावयांनी आमच्याच गाडीतून ह्यांना तिकडे पोचवलं आणि गाडी परत आणून लावली. लेकीच्या छोट्या गाडीत ह्यांचा पाय दुमडत नाही. आमच्या जुन्या गाडीला पुढे आख्खी लांब सीट आहे, दारही ऐसपैस, माणूस बसल्या बसल्या आत सरकतो. रुग्णवाहिका म्हटलं तर हे मान हलवतात. आडवे होऊन घरी यायचं नाही.

पंधरा दिवस केव्हाच सरले. पाठही बरी आहे.

संध्याकाळी लेकीला फोन केला की गाडीला गळती आहे, उद्या जमत नाही. मागे काहीतरी गडबड ऐकू आली. मग ती म्हणाली, "आई, बाबा फोन मागताहेत." गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं नाही.

"ऑइल?" हे म्हणाले. एकदम स्वच्छ. माझं नाव घेताना अजून तीनदा अडखळतात.

मी डाग कुठे आहे ते सांगितलं. बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाले, "खालचा... नट. आधी... खालचा नट."

७ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणतात, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असतो. बसतानाही काढत नाही. काम शिकला तो ह्यांच्याच हाताखाली.

"मॅडम, जुनी गाडी आहे, थोडी गळणारच. माणूस नाही का गळत साठीनंतर?"

"मी साठीच्या पुढे आहे. गळत नाही. खालचा नट बघा."

"बघतो. पण मी म्हणतो, ऑइलचा एक डबा डिकीत टाका, वाटेत थांबून ऑइल मोजायची पट्टी बघा, लागलं तर ओता. पार जगाच्या टोकापर्यंत जाल."

डोंगराचा रस्ता, शेजारी आजारी माणूस, आणि मी बाई हातात डबा घेऊन रस्त्याकडेला उभी. नाही म्हटलं. गळती सापडल्याशिवाय मी निघणार नाही.

"मॅडमचं काम म्हणजे पक्कं," पाना म्हणाला. कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही.

ऑइल सोडायच्या नटाखालची तांब्याची चकती झिजली होती. नवीन घातली. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवायचं ठरवलं आहे. आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना हेच सांगत आले, आधी निरीक्षण, मग अनुमान. उलटं केलंत तर मार्क कापीन.

९ ऑक्टोबर

पुठ्ठ्यावर डाग आहेच.

संध्याकाळी फोनवर सांगितलं. "फिल्टर," हे म्हणाले. "पण... सावकाश."

सावकाश कशाला? आयुष्यात ह्या माणसाने मला सावकाश म्हटलेलं नाही. सिनेमाला निघताना सुद्धा खाली जाऊन हॉर्न वाजवायचे.

१० ऑक्टोबर

दुपारी जेवून जरा टेकले, डोळे उघडले तर अंधारून आलेलं. दार वाजत होतं. समोरची शेजारीण साखर मागायला आली होती. हिच्या घरात साखर कधी नसतेच, उत्सुकता मात्र पोत्याने असते.

"अगंबाई, किती तरतरीत दिसताय! चेहरा भरलाय हो तुमचा."

"गाडी नादुरुस्त आहे," मी म्हटलं.

"त्याने चेहरा भरतो?"

वाटी भरून दिली आणि दार लावलं.

१३ ऑक्टोबर

फिल्टर बदलला. पुठ्ठा तसाच काळा. डाग इंजिनच्या मागच्या बाजूला पडतो, एवढं नक्की.

मी ह्यांना म्हटलं, "सरळ इंजिन रॉकेलने धुते, वाळवते, वरून टाल्कम पावडर मारते आणि चालू करते. जिथे पावडर ओली होईल तिथे गळती. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको," हे म्हणाले.

"का?"

"घाण... होते."

ह्या माणसाने माझ्या पांढऱ्या चादरीवर कार्बोरेटर उघडून मांडला होता. नव्या चादरीवर. ह्यांना घाण कधीपासून दिसायला लागली? पण मी वाद घातला नाही. गाडी हे त्यांचं खातं. स्वयंपाकघरात त्यांनी बोट घातलेलं मला चालत नाही, तेव्हा इकडे मीही घालू नये.

"बरं, मग काय करू?"

"संप... बघ."

संप म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची परात. तिचं पॅकिंग. पानाला सांगते.

१६ ऑक्टोबर

संप उतरवून पॅकिंग बदललं. पाना म्हणाला की जुनं तसं ठीकच होतं, पण साहेब म्हणाले म्हणजे म्हणाले.

फोनवर ह्यांनी मला नट कसे आवळायचे ते सांगितलं. मी आवळणार नव्हते, पाना आवळणार होता, पण ऐकून घेतलं. "एका... कोपऱ्याचा. मग... समोरचा. एकदम... नाही आवळायचं." एवढं लांब वाक्य झटक्यानंतर पहिलंच. उंटावरून शेळ्या हाकायची सवय जुनीच, पण आज मी फोन कानाला घट्ट लावून शेवटपर्यंत ऐकलं.

नंतर लेक फोनवर आली. तिथे बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई येतात. त्या चित्रं दाखवतात, खुर्ची, कप, झाड. हे तोंड फिरवून बसतात. आणि दुपार कलली की फोनकडे बघत ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागतात. "काल मी कान देऊन ऐकलं आई. 'पॅकिंग, पॅकिंग' करत होते."

"त्या बाईंना म्हणावं नटबोल्टची चित्रं काढा."

लेक हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण हसू मध्येच तुटलं.

१९ ऑक्टोबर

संपनेही काही झालं नाही. पुठ्ठा बदलला, डाग नाही बदलला.

लेकीचा सकाळीच फोन. हळू आवाजात बोलत होती, बहुधा जिन्यातून. तिची रजा संपत आली आहे. जावई सकाळी ह्यांना उचलून बसवतात आणि मग कामावर उशिरा पोचतात.

"आई, गाडीचं किती दिवस चालणार?"

"गळती सापडेपर्यंत."

"पानाकाका म्हणाले होते ना, ओतत ओतत येता येईल?"

"पानाला काय जातंय बोलायला."

ती म्हणाली, "तू घरी एक माणूस ठेव ना. उचलायला, आंघोळीला."

परका माणूस घरात नको, हे ह्यांनी पहिल्याच दिवशी मान हलवून सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. तिला तेच सांगितलं. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं 'बरं' अगदी माझ्यासारखं आहे. त्यात काही बरं नसतं.

मला त्यांना आणायचं नाही.

वरची ओळ खोडायला पेन उचललं होतं. राहू दे. इथे कोणी वाचत नाही. सकाळी उठून कोणाचं वजन उचलायचं नाही हे कळलं की अंथरुणातच डोळ्यांत पाणी येतं, इतकं हलकं वाटतं. मग दिवसभर त्या हलकेपणाची लाज.

गळती खरी आहे, मात्र. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

२१ ऑक्टोबर

फोनवर हे आज लगेच म्हणाले, जणू सकाळपासून तयार ठेवलेलं. "मागचं... ऑइल सील."

पानाला सांगितलं तर त्याने खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला. असं मी प्रथमच पाहिलं. "मॅडम, ते इंजिनच्या पाठीमागे बसतं, त्याला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. आठवडा जाईल."

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांनी?" तो डोकं खाजवत राहिला. "नक्की साहेबांनीच?"

"मग काय मी स्वप्नात पाहिलं? उतरवा."

आठवडा. घरी येऊन दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत ठेवली. येता-जाता पायात येते.

२३ ऑक्टोबर

काही नाही. दुपारी झोपले. संध्याकाळी फोन. ह्यांनी विचारलं, "जेवलीस?" ते पूर्वी कधी विचारत नसत. जेवण वाढल्यावर मीठ कमी आहे एवढंच सांगत.

२६ ऑक्टोबर

पानाने बोलावून घेतलं. गिअरबॉक्स जमिनीवर, गाडी पोट उघडलेल्यासारखी. त्याने दिवा धरून मागचं सील दाखवलं. कोरडं ठणठणीत. बाहेरून मात्र सगळं ऑइलने माखलेलं.

"हे वरून आलंय, मॅडम. वरून ओघळत मागे येतं आणि इथून थेंब पडतो. सील बिचारं निर्दोष."

"मग आधी वर का नाही बघितलं?"

"मी तर साहेब सांगतील तसं करत होतो! आणि मला तर साहेबांनीच शिकवलेलं की ऑइल खाली वाहतं, तेव्हा शोध वरून सुरू करायचा. एकदा मी खालून सुरुवात केली म्हणून त्यांनी माझी सगळ्या पोरांदेखत हजेरी घेतली होती. म्हणाले, तू छप्पर गळलं की फरशी खोदतोस का रे?"

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसं झालं. संप, फिल्टर, गिअरबॉक्स, सगळी बिचारी उगीच उघडली गेली.

पानावर राग आला, पण त्याचा काय दोष? झटक्याने ह्यांच्या डोक्यातलं वरचं खाली झालं आहे. नटबोल्टची नावं परत आली म्हणून मी हुरळून गेले, पण नावं येणं वेगळं आणि विचार येणं वेगळं. डॉक्टरांना सांगायला हवं. गाडीच्या बाबतीत ह्या माणसाची चूक होताना मी कधी पाहिली नव्हती.

फोनवर त्यांना एवढंच सांगितलं की सील चांगलं निघालं. ते "अरेरे" म्हणाले. अरेरे म्हणताना आवाजात दुःख नव्हतं. तेही बहुधा झटक्याचंच.

२८ ऑक्टोबर

पानाने गिअरबॉक्स चढवला. आज त्यांना न विचारता मी माझ्या पद्धतीने केलं. इंजिन रॉकेलने घासून धुतलं, कापडाने पुसलं, वाळू दिलं, आणि आख्खा डबा टाल्कम पावडर उधळली. पाना शिंकत बाहेर गेला. "मॅडम, गाडीला आंघोळ घालून बाहेर न्यायचंय का?" म्हणत होता.

इंजिन चालू केलं आणि पाहत उभी राहिले. सगळं पांढरं. मग इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हर म्हणतात त्याला, मागच्या कोपऱ्यात एक बारीक करडी रेघ उमटली. ती ओली झाली, लांबली, आणि मागच्या अंगाने खाली निघाली. जिथून ती दिसेनाशी झाली तिथून सरळ खाली माझ्या पुठ्ठ्यावरचा डाग.

कव्हर काढलं. बुचाच्या लाकडाचं पॅकिंग त्या कोपऱ्यात कडक होऊन तडकलेलं. नवीन पॅकिंग बसवायला पानाला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

मी कॉलेजमध्ये असते तर स्वतःला पैकीच्या पैकी दिले असते. पण कोणाला सांगावंसं वाटेना.

२९ ऑक्टोबर

पुठ्ठा कोरा.

संध्याकाळी फोन. "गळतं?" ह्यांनी विचारलं.

"अजून एखादा थेंब आहे," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. परत घेता आलं असतं, घेतलं नाही.

"बरं," हे म्हणाले. "मग... बघ अजून. घाई... नाही."

३० ऑक्टोबर

पुठ्ठा कोरा. गाडी गावाबाहेर नेऊन चढावर दामटली, आणून लावली, खाली नवा पुठ्ठा सरकवला. कोरा.

फोनवर म्हटलं, "आहे थोडं." त्यांनी गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचं काहीतरी सांगितलं. मी "हो हो, बघते" म्हणाले. मग त्यांनी समोरचीची चौकशी केली, साखर नेते का अजून. मी हसले. आम्ही दोघं बराच वेळ बोललो. म्हणजे मी बोलले आणि ते मध्ये मध्ये एखादा शब्द ठेवत गेले, अगदी जागच्या जागी.

खोटं बोलण्याची मला सवय नाही. सवय व्हायला वेळ लागत नाही, असं दिसतं.

१ नोव्हेंबर

आज फोन मी केला नाही, लेकीचा आला. आवाज बसलेला.

"आई, मी नाही म्हणत नाहीये. ते माझे बाबा आहेत. पण सकाळी तुझ्या जावयांच्या पाठीत उसण भरली बाबांना उचलताना. आता मी एकटी उचलते. उद्यापासून मला कामावर जायचंय. बाबांना कोण बघणार?"

तिने माझी पाठ वाचवायला त्यांना नेलं होतं. आता तिथल्या पाठी चालल्या.

"उद्या सकाळी निघते," मी म्हणाले.

"पण गळती?"

"गेली."

"कधी गेली?"

"भेटल्यावर बोलू."

नंतर पानाला फोन केला. त्याचा चुलतभाऊ दवाखान्यात रुग्ण उचलायचं काम करतो, हे तो आल्यागेल्याला सांगत असतो. म्हटलं, त्याला विचारा, सकाळ-संध्याकाळ घरी येईल का. पाना म्हणाला, "येईल की! रेडा आहे नुसता. साहेबांना फुलासारखं उचलेल." रेड्याने फुलासारखं कसं उचलायचं, ते त्यालाच ठाऊक.

३ नोव्हेंबर

काल पोचले, मुक्काम केला, आज ह्यांना घेऊन आले. आत्ताच लिहून ठेवते.

जावई कमरेला पट्टा बांधून दारात उभे होते. मला पाहून हसायचा प्रयत्न केला. लेक वाळली आहे. तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

ह्यांना सीटवर बसवायला शेजारचे दोघं आले. आत सरकल्यावर ह्यांनी डाव्या हाताने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

डोंगर चढून गेल्यावर वळणावरच्या टपरीशी थांबले. ह्यांच्या हातात चहाचा पेला दिला, अर्धाच भरलेला, म्हणजे सांडणार नाही. मी दाराबाहेर उभी होते. समोर नुसता उतार आणि ऊन. म्हटलं, आत्ता नाही तर मग कधीच नाही.

"गाडी केव्हाच बरी झाली होती," मी म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगत होते."

"माहितीये."

"कोणी सांगितलं? लेकीने?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तू... ओरडत नव्हतीस."

"म्हणजे?"

"सीलपर्यंत... ओरडत होतीस. पानावर. माझ्यावर. मग... एकदम... गोड."

ह्यांचं तोंड एका बाजूने हसतं आता. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मला तुम्हाला आणायचं नव्हतं. दमले होते मी. अजून दमलेलीच आहे."

त्यांनी चहाचा घोट घेतला. थोडा हनुवटीवर आला, तो मी पुसला. मग शब्द गोळा करायला त्यांना इतका वेळ लागला की टपरीवाला येऊन पेला मागून गेला.

"मलाही... यायचं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या... पाठीवर."

रस्त्याने एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत मी पदराने काच पुसत राहिले. काच स्वच्छ होती.

"एक माणूस ठेवलाय," मी म्हणाले. "सकाळी आणि संध्याकाळी येणार. उचलायला, आंघोळीला. परका आहे. मान हलवायची नाही."

त्यांनी मान हलवली नाही. "बरं," म्हणाले. त्यांचं 'बरं' मात्र बरं असतं.

मी गाडीत बसले, चावी फिरवली. तेवढ्यात हे म्हणाले, "टॅपेट... कव्हर ना? मागचा... कोपरा."

मी चमकून पाहिलं. टॅपेट कव्हरचं मी ह्यांना सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. पानानेच फोन केला असणार. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या त्याला बघते.

"कोणी सांगितलं ते कळलंय मला," मी म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

पहिल्याच उतारावर सुरुवात. "गिअर... उशिरा टाकतेस."

"मग तुम्ही चालवा!" मी म्हणाले. आणि तिथून जी सुटले ती गिअरवरून पानावर, पानावरून समोरचीच्या साखरेवर, साखरेवरून त्या पांढऱ्या चादरीवर. घर येईपर्यंत माझं तोंड बंद नव्हतं. हे मान मागे टेकून, डोळे मिटून सगळं ऐकत होते.